लवू मेस्त्रींचा पंखा

लवू मेस्त्री हयात आहेत, हे आरंभीच सांगणे मला आवश्यक वाटते. एखाद्या माणसाविषयी चार बरे शब्द छापून आले की वाचणाऱ्याचा चेहरा आपोआप सांत्वनाला आल्यासारखा होतो. तशी वेळ आलेली नाही. त्यांची प्रकृती माझ्याहून बरी आहे. त्यांचे जे गेले ते त्यांचे नाव, आणि ते माझ्या हातून गेले. ते कसे गेले हे एकदा नीट मांडून ठेवावे, एवढ्यासाठी मी हे लिहितो आहे. मी शिक्षक आहे; चूक मांडून दाखवण्याची सवय मला आहे. फक्त आजवर ती दुसऱ्यांची असे.

मसुऱ्याच्या अलीकडे, जिथे तीन रस्ते एकत्र येतात त्या तिठ्यावर, फणसाच्या झाडाखाली त्यांची पत्र्याची शेड होती. शेडवर पाटी होती : ‘येथे फक्त गाडी तापण्याची कामे होतील.’ या ‘फक्त’ची लोकांना गंमत वाटे, पण तो त्यांनी अक्षरशः पाळला. एकदा एक गृहस्थ गाडीचे दार लागत नाही म्हणून आले होते. मेस्त्रींनी विचारले, “दार तापता?”

“नाय.”

“मगे माझ्याकडे कित्याक इलात?”

पंक्चर, ब्रेक, दिवे, काचा यांना ते गाडीचे नखरे म्हणत. त्यांच्या मते गाडीला आजार एकच, ताप. बाकी सगळे ती लक्ष वेधून घेण्यासाठी करते. आणि तापाच्या बाबतीत मात्र ते असे गंभीर होत, की गाडीचा मालक नकळत आवाज खाली आणून बोलू लागे.

गाडी आली की ते तिच्याकडे बघत नसत. मालकाकडे बघत आणि विचारत, “तापता खंय? चलताना की रवताना?”

या एका प्रश्नावर त्यांचे अर्धे निदान होई. गाडी धावत असताना समोरचा वारा जाळीतून आत शिरतो आणि इंजिनाचे पाणी थंड ठेवतो. तेव्हा पंख्याला काम नसते. धावतानाही ती तापत असेल तर दोष पाण्याचा, पंपाचा किंवा तुंबलेल्या नळ्यांचा. पण धावताना ठीक आणि फाटकापाशी उभी राहिली की काटा वर, असे असेल तर दोष पंख्याचा. मेस्त्री म्हणत, “चलत्या गाडयेक वारो देव देता. उभ्या गाडयेक पंखो.” नववीच्या वर्गाला उष्णतेचे प्रकरण मी बावीस वर्षे शिकवले. इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आले नाही.

मग गाडी शेडसमोर उभी करून चालू ठेवायची आणि तिच्या समोर मालकाने बसायचे. बसायला आमच्याच शाळेने टाकून दिलेला एक बाक होता. बॉनेट बंद. फोन खिशात. मेस्त्री मालकाशेजारी बसत आणि दोघेही गाडीच्या तोंडाकडे पाहत राहत. पंचवीस मिनिटे, कधी त्याहून जास्त. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावे, एखादी आजारी म्हातारी पडवीत आणून ठेवली आहे आणि तिची माणसे काही बोलेल म्हणून वाट पाहत आहेत. मग आतून एकदम ‘घर्रर्र’ आवाज होई. मेस्त्री मांडीवर हात मारून म्हणत, “इलो!” जणू पाहुणाच उंबऱ्यावर आला. आणि पंखा आला नाही, तर काटा तांबड्या रेषेला टेकण्याच्या किंचित आधी ते स्वतः उठून इंजिन बंद करत. ती वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळत असे.

या पद्धतीचा विस्तार ते माणसांवरही करत. गावातली माणसे त्यांनी ‘चलतीन तापणारी’ आणि ‘उभ्यान तापणारी’ अशी वाटून टाकली होती. आमचे सरपंच उभ्याने तापणारे : धावपळीत असले की गोड, सभेत बसवले की वाफ. पोस्टमन चालतीने तापणारा. स्वतःच्या पत्नीविषयी, म्हणजे सुलोचनावहिनींविषयी, ते म्हणत, “ती तापना नाय. ती दुसऱ्याक तापयता.” हे बहुधा वहिनी चहा घेऊन येत असतानाच म्हटले जाई, आणि त्या कपबशी बाकावर आपटून म्हणत, “तापाक माका सवड खंय आसा? तुमी बसान बघतात, म्हणान घराचा सगळा मीच बघतंय.”

मी एकदा विचारले, “आणि मी, मेस्त्री?”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “तुमचो काटोच चलना नाय, मास्तरानू. तुमी तापलात तरी कोणाक कळाचा नाय.”

मला ती प्रशंसा वाटली होती.

बाबल मासेवाल्याची हकिकत आमच्या भागात अजून सांगतात. बाबल सकाळी मालवणहून ताजे मासे घेऊन छोट्या टेम्पोतून आतल्या वाड्यांत फिरे. वाडीच्या तोंडाशी तो हॉर्न वाजवी, आणि बायका ताटे घेऊन बाहेर येत. त्याचा टेम्पो उभ्याने तापू लागला. मेस्त्रींनी त्याला बाकावर बसवले, पंखा काही आला नाही. पंख्याला थेट बॅटरीची तार लावली तर तो फिरला. म्हणजे पंखा ठीक, त्याला वीज पोचवणारी डबी, जिला रिले म्हणतात, ती मेलेली. आता हॉर्नची डबीही तशीच, त्याच मापाची असते. मेस्त्रींनी ती उपसून पंख्याच्या जागी बसवली. पंखा आला. हॉर्न गेला.

“नवी डबी कुडाळसून येवक तीन दीस लागतले,” मेस्त्री म्हणाले. “तवसर दोनांतला एकच मेळात. भोंगो की पंखो?”

“भोंगो!” बाबल एका क्षणात म्हणाला. “भोंग्याशिवाय मासळी इली ह्या कळतला कोणाक?”

“रे, उभो रवलंस काय तापतला.”

“मगे मी उभोच रवणंय नाय!”

आणि तो खरोखरच उभा राहिला नाही. इंजिन बंद करण्याचा मार्ग नव्हता, कारण त्याचा टेम्पो पुन्हा चालू करायला चार माणसे ढकलायला लागत. तेव्हा त्या दिवशी बाबल प्रत्येक वाडीत देवळाभोवती टेम्पोने प्रदक्षिणा घालत मासे विकत होता. बायका ताटे घेऊन मागून धावत होत्या. “बाबल्या, थांब रे मेल्या! बांगडे दी!” आणि तो खिडकीतून मान काढून ओरडत होता, “थांबाक जमाचा नाय गो, तापता! ताट वर धर, टाकतंय!”

ही बातमी तिठ्यावर पोचली तेव्हा सगळे हसले. मेस्त्री हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी ती डबी पुन्हा पंख्याला लावली आणि घरातली पितळेची थाळी व लाटणे घेऊन ते बाबलच्या शेजारी जाऊन बसले. नवी डबी येईपर्यंतचे दोन दिवस, शेड बंद ठेवून, लवू मेस्त्री वाडीवाडीत थाळी बडवत फिरले. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “डबी मी काढलंय. मगे भोंगो कोणी होवचो?”

हे वाक्य मी त्या वेळी नुसते ऐकले. त्याचा अर्थ कळायला मला पुढे बरेच काही करावे लागले.

पंखा फिरतो आहे एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. कोणत्या दिशेला फिरतो? त्यासाठी ते कागद वापरत. चालू गाडीच्या समोरच्या जाळीला कागद लावायचा. पंखा हवा आत ओढत असेल तर कागद चिकटून राहतो, उलटा फिरत असेल तर उडून जातो. एका डॉक्टरांच्या गाडीचे काम दुसरीकडे कुठेतरी झाले होते आणि पंख्याच्या दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. मेस्त्रींनी कागद लावला, तो उडाला आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर बसला.

“पण फिरतोय ना?” डॉक्टर कागद बाजूला करत म्हणाले.

“फिरता खरो,” मेस्त्री नम्रपणे म्हणाले. “पण डॉक्टरानू, औषध पोटात जावचा की पोटातसून येवचा?”

तो कागद मी उचलला. आमच्या शाळेच्या रद्दीतून आलेली ती उत्तरपत्रिका होती आणि तिच्यावर माझ्याच लाल शाईची फुली होती. प्रश्न होता, पंख्याखाली आपल्याला गार का वाटते? कोणीतरी लिहिले होते, ‘पंख्याची हवा गार नसते. ती फक्त आपल्याजवळची गरम हवा उचलून नेते.’ मी शून्य दिले होते.

मेस्त्रींनी ते माझ्या खांद्यावरून वाचले. “ह्या चूक कसा?”

“पुस्तकातले शब्द नाहीत त्यात,” मी म्हणालो.

कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली. कामाला त्यांनी दुसरा कागद घेतला.

आता माझ्या गाडीकडे येतो. टाळता येईल तितके टाळून झाले आहे.

माझी गाडी जुनी, पण पांढरी. आमच्या वाडीत पांढरी गाडी ती एकच, म्हणून लग्नसराईत नवरदेवासाठी तिला मागणी असे. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात ती उभ्याने तापू लागली. बाकावर मी बसलो, पंखा आला नाही. खाऱ्या हवेने पंख्याच्या तारेचा सांधा हिरवा पडून कुजला होता आणि मोटरही झिजली होती. मेस्त्रींनी दोन्ही बदलले. जाताना त्यांनी खिडकीत वाकून सांगितले, “मास्तरानू, एक आयका. गाडी बंद केल्यार पण पंखो दोन मिनटां फिरतलो. फिरू दे. आतली धग काढता तो. हात लावू नका.”

“बॅटरी उतरणार नाही?”

“दोन मिनटांत काय उतरता? तुमी शाळेतसून इल्यार लगेच झोपतात काय?”

हे मला समजले होते. उष्णता इंजिन बंद झाल्याबरोबर नाहीशी होत नाही, हे मला फळ्यावर आकृती काढून सांगता आले असते. पण अंगणात कुलूपबंद गाडी आपली आपण घरघरू लागली की शेजारच्या नलूकाकी पदर तोंडाला लावून बघत. “मास्तर, किल्ली तुमच्या हातात, मगे आत कोण आसा?” एके दिवशी बॉनेटवर लिंबू ठेवलेले आढळले. दुसऱ्या दिवशी नारळ. विज्ञानाच्या शिक्षकाच्या दारात झपाटलेली गाडी, हे मला सहन होईना. मी काकींना कारण समजावून सांगायला हवे होते. त्याऐवजी एका मंगळवारी दुपारी, कोणी पाहत नाही असे बघून, मी बॉनेट उघडले, पंख्याच्या वायरीचा चाप दोन बोटांनी दाबला आणि ती काढून ठेवली. गाडी शहाण्यासारखी गप्प झाली. लांब जायचे असेल तेव्हा लावू, असे मी ठरवले.

त्याच आठवड्यात नलूकाकींच्या मुलाचे लग्न होते आणि गाडी अर्थातच माझी. मी वायर लावायला विसरलो, असे पुढे कित्येक दिवस मी स्वतःला सांगत होतो. ते खरे नाही. लग्नाच्या सकाळी ती मला आठवली होती. पण तोपर्यंत काकींच्या बहिणींनी बॉनेटवर आणि पुढच्या जाळीवर आंब्याचे डहाळे, झेंडू आणि अबोली यांची अशी दाट शेज बांधली होती की बॉनेट उघडायचे तर सगळे सोडावे लागले असते, आणि कोणीतरी विचारले असते, कशासाठी? मी उघडले नाही. देवळापासून मांडवापर्यंत अर्ध्या तासाची वाट, असा मी हिशेब केला. ती अर्ध्या तासाची वाट पायी चालण्याच्या वेगाने, मे महिन्यात, बँडच्या मागून आणि फुलांनी बंद केलेल्या जाळीनिशी आहे, हे माझ्या गणितात आले नाही.

वळणावर काटा तांबड्याच्या पुढे गेला. मी गाडी बाजूला घेणार, तोच झेंडूंच्या मधून पांढरी वाफ उसळली. बँडवाल्यांना वाटले ही वऱ्हाडाचीच योजना आहे. त्यांनी ठेका दुप्पट केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकींच्या मोठ्या बहिणीने वाफेवर अक्षता टाकल्या. नवरदेव मागच्या सीटवर मुंडावळ्या सावरत सगळ्यांकडे बघून हसत होता, आणि फोटो काढणारा ओरडत होता, “अजून वाफ सोडा, मास्तर, अजून वायच!” मग आत काहीतरी दणकन फुटले, गाडीखालून तांबूस पाणी वाहू लागले, आणि इंजिन गेले.

लवू मेस्त्री वऱ्हाडातच होते, खळ लावलेला सदरा घालून. ते पुढे आले, त्यांनी फुले ओरबाडून बाजूला केली, सदऱ्याच्या टोकाने चाप धरून बॉनेट उघडले. वायर लोंबत होती. तुटलेली नव्हती, जळलेली नव्हती. कोणीतरी शिकलेल्या माणसाने नीट दाबून काढलेली होती. त्यांनी ती हातात घेतली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिले.

आमच्या देवळाचे मानकरी, ज्यांना आम्ही गावकर म्हणतो, ते छत्री घेऊन पुढे आले. “लवू, ह्या गाडयेचा काम तूच केललंस ना?”

“व्हय.”

“मगे ह्या काय?”

मेस्त्री थांबले. बाकावर बसून पंख्याची वाट पाहताना ते जसे थांबत तसेच. मी रस्त्यावर पडलेल्या एका झेंडूकडे बघत होतो.

“वायर सुटली,” ते म्हणाले.

मुहूर्त जवळ आला होता. गावकरांनी तिथेच रस्त्यात, वाफाळणाऱ्या बॉनेटसमोर नारळ धरून गाऱ्हाणे घातले. आमच्याकडे कोणतेही विघ्न असे देवाच्या कानावर घालण्याची रीत आहे. एकाने सांगायचे आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी दुजोरा द्यायचा.

“बा देवा म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

“आज ह्या शुभकार्यात जा काय इघन इला, आणि लवू मेस्त्र्याच्या हातसून जी काय चूकभूल झाली आसात, ती पोटात घाल रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

त्या आवाजात माझा आवाज होता. बहुधा इतरांपेक्षा थोडा मोठाच. आणि माझ्या शेजारून, काढलेली वायर हातात धरून, डोळे मिटून, लवू मेस्त्रीही म्हणाले, “होय म्हाराजा.”

नवरदेव छत्रीखालून चालत मांडवात गेला, लग्न लागले. पण ज्याची चूक देवाला सांगितली गेली, त्याच्याकडे लग्नाची गाडी कोण नेणार? आधी लग्नाच्या गाड्या बंद झाल्या, मग मुंजीच्या, मग नव्या घेतलेल्या, आणि शेवटी नुसत्या तापणाऱ्याही लोक कुडाळला नेऊ लागले. तिठ्यावरून जाताना मला तो बाक रिकामा दिसे.

लग्नानंतर अकराव्या दिवशी मी शेडमध्ये गेलो आणि सांगितले, “मेस्त्री, वायर मी काढली होती.”

“माका म्हायत आसा,” ते म्हणाले. “चाप मोडूक नाय तुमी. लोक ओढून काढतत. तुमी बरी काढलात.”

त्यांनी मला चहा विचारला. सुलोचनावहिनींनी विचारला नाही.

मग मी गावकरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, देवाक सांगान झाला. आता परत घेवचा म्हणजे देवान चुकीचा आयकला असा होता. ता बरा दिसाचा नाय.” तेव्हा मी घरोघर जाऊन सांगायचे ठरवले. आणि इथून पुढे जे घडले ते मला आजही नीटसे सहन होत नाही. माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. मी सांगे, “वायर मी काढली.” ऐकणारा माझा हात हातात घेई आणि म्हणे, “मास्तर, तुमी देवमाणूस. त्या गरिबाची चूक आपल्या अंगावर घेतात.” नलूकाकींच्या डोळ्यांत पाणी आले. “लेकाच्या लग्नात तुमची गाडी गेली, आणि वरसून तुमी ह्या असा बोलतात!” मी जितक्या तळमळीने कबूल होई तितका मी थोर ठरे, आणि मेस्त्रींची चूक तितकी पक्की होई.

शिक्षकदिनाला शाळेत माझा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, आणि सूत्रसंचालक म्हणाले, “दुसऱ्याचा दोष स्वतःच्या शिरावर घेणारे आमचे सर.” मी ध्वनिक्षेपकासमोर उभा राहून म्हणालो, “हे खोटे आहे. वायर मी, या हाताने काढली.” मी हात वर करून दाखवला. सभागृह उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी मेस्त्री माझ्या घरी आले. अंगणातच उभे राहिले. बरोबर सुलोचनावहिनी होत्या.

“मास्तरानू,” मेस्त्री म्हणाले, “आता पुरे करा. तुमी एक खेप कबूल झालात काय माझी दोन गिरायका जातत.”

“मी सिद्ध करून दाखवतो,” मी म्हणालो. इंजिन बदलून गाडी नुकतीच परत आली होती. “तिठ्यावर सगळ्यांना बोलावू. सगळ्यांसमोर वायर काढतो आणि गाडी उभी ठेवतो. तापू दे. फुटू दे. मग तरी पटेल.”

त्यांच्यासमोर मी इतका मोठ्याने कधी बोललो नव्हतो. त्यांचा चेहरा मात्र मी पूर्वी कधी पाहिला नव्हता असा झाला. “इंजिन मारतलात? माझ्या नावासाठी?” ते म्हणाले. “नवा इंजिन! त्या बिचाऱ्यान काय केल्यान?”

वहिनी पुढे आल्या. “मास्तर,” त्या म्हणाल्या, “तुमका बरा वाटाक व्हया, म्हणान तुमी सांगत फिरतात. आमका बरा वाटाक कोण काय करता ता सांगा.”

मी सांगणे बंद केले. ते माझे पहिले योग्य काम असावे, पण ते उशिरा झाले होते. दिवाळीनंतर शेड बंद झाली. मेस्त्री वहिनींना घेऊन वहिनींच्या माहेरी, मिठबावला गेले, आणि तिथे ते होड्यांच्या इंजिनांची कामे करू लागले, असे बाबलकडून कळले.

गेल्या फेब्रुवारीत मी मिठबावला गेलो. काय बोलायचे हे ठरवले नव्हते. फक्त एकदा भेटावे, इतकेच होते. सकाळची वेळ होती. होड्या वाळूवर ओढलेल्या होत्या, काही पाण्यात तरंगत होत्या. पुरुष जाळी दुरुस्त करत बसले होते, बायका टोपल्यांतली मासळी निवडत होत्या. लवू मेस्त्री मांडीभर पाण्यात एका होडीला टेकून उभे होते. त्या इंजिनांना पंखा नसतो. समुद्राचे पाणी आत ओढले जाते आणि तापून बाजूच्या नळीतून बाहेर पडते. मेस्त्रींनी त्या धारेखाली तळहात धरला होता आणि ते तिची ऊब अजमावत होते.

“मेस्त्री,” मी वाळूवरून हाक मारली.

त्यांनी पाहिले, ओळखले, मान हलवली. हात धारेखालीच राहिला. “बरे आसात?”

“बरा आहे. तुम्ही?”

“बरो. हंय वारो पण देव देता आणि पाणी पण. माझा काम वायच कमीच.” ते किंचित हसले.

होडीत उभा असलेला तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, दणकट, उघड्या अंगाचा, माझ्या इस्त्रीच्या शर्टकडे बघत होता. “लवू, ह्ये कोण रे?”

‘आमच्या गावचे मास्तर’, ‘देवमाणूस’, असे काहीतरी आता येईल म्हणून मी तयार राहिलो.

मेस्त्री धारेकडे बघतच म्हणाले, “ह्येंनी वायर काढललानी.”

तांडेलाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. “त्ये ह्ये?” त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. त्याला क्षणाचाही संशय आला नाही. “लग्नात वाफ काढल्यानी त्ये? आणि वरसून होय म्हाराजा म्हटल्यानी त्ये?” मग तो वाळूकडे तोंड करून, समुद्रावर हाक मारायच्या आवाजात ओरडला, “अरे बघा रे! वायरवाले मास्तर इले!”

जाळी विणणारे हात थांबले. बायकांनी माना वर केल्या. एकजण म्हणाली, “अगो बाय, ह्येच काय ते? दिसतत बरे गो!” आणि सगळ्याजणी मोठ्याने हसल्या. त्यांना सारे ठाऊक होते, लिंबापासून शालीपर्यंत. तेही मी केले तसेच, न वाढवता न घटवता ठाऊक होते. एका म्हाताऱ्याने मला दरडावले, “मास्तर, आमच्या होडयेक हात लावू नका हां!”

मी दोन्ही हात मागे घेतले आणि पाठीशी बांधले.

मेस्त्री होडीत चढले. तांडेलाने नांगर उचलला. मेस्त्री इंजिनावर वाकले होते, त्यांची फक्त पाठ दिसत होती, ओल्या सदऱ्याची. बाजूच्या नळीतून पाण्याची धार एकसारखी पडत होती, आणि होडी उन्हात लहान होत गेली. मागे बायका अजून हसत होत्या. होडी दिसेनाशी होईपर्यंत मी हात पुढे आणले नाहीत.